मोजणीताईने थांबवलेलं जहाज

जहाजावर तिला कोणी नावाने हाक मारत नसे. कागदोपत्री ती इंजिन विभागातली वरिष्ठ मेकॅनिक, पण कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ती मोजणीताई. कारण ही बाई मोजायची. पाने मोजायची, बोल्ट मोजायची, पुसायची फडकी मोजायची. जेवायला बसलेली माणसं मोजल्याशिवाय ताटाला हात लावायची नाही. घरीसुद्धा तेच. "आमच्याकडे चमच्यांची रोज हजेरी होते," असं तिच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत.

तिला हसणाऱ्यांनी एकदा तिच्या इंजिनखोलीत उतरून बघावं. चार उभे जिने खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, बाराही महिने तेलाचा वास. तिथे दोन इंजिनं, आणि इंजिनांची ताकद जहाजाच्या पंख्यापर्यंत पोचवणारा गिअरबॉक्स. त्यातली दातेरी चाकं माणसापेक्षा उंच, आणि एवढी नाजूक की बोटाच्या पेराएवढं लोखंड जरी मध्ये अडकलं तरी दात उडतात. मग भर समुद्रात दोनशे माणसांचं जहाज ओंडक्यासारखं तरंगत बसतं. म्हणून गिअरबॉक्सचं झाकण उघडायच्या आधी अंगठ्या काढायच्या, घड्याळं काढायची, खिसे रिकामे करून वर चिकटपट्टी लावायची. भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आणि आकृतीवर खिळा. हत्यार घेतलं की त्याच्या जागी आपला पितळी बिल्ला लटकवायचा, हत्यार परत ठेवलं की बिल्ला परत घ्यायचा. काम संपल्यावर फळ्यावर एकही बिल्ला दिसता कामा नये. फळा ताईनेच रंगवला होता, आणि त्याच्यावरून तिने किती नव्या पोरापोरींना रडवलं असेल याची मात्र तिने कधी मोजणी ठेवली नाही.

ती नौदलात आली त्याची गोष्ट गमतीची आहे. त्या देशात सक्तीची भरती नव्हती. कोणी कोणाला मानगूट धरून आणत नसे. जो तो आपल्या पायांनी यायचा. येण्याचं एक कारण चारचौघांत सांगायचं असायचं आणि खरं वेगळंच असायचं. ताईच्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन, ज्याला सगळे 'शॉक' म्हणत, तो छाती पुढे काढून देशसेवा म्हणायचा. खरं म्हणजे त्याच्या थोरल्या भावाने "तू तिथे तीन दिवस टिकणार नाहीस" असं म्हटलं होतं, आणि त्या एका वाक्यावर गडी नऊ वर्षं टिकला होता. स्वयंपाक्याला समुद्रात तरंगणारे बर्फाचे डोंगर बघायचे होते. चौदा वर्षांत त्याला बर्फ दिसला तो फक्त स्वतःच्या फ्रीजमध्ये.

आणि ताई? पाच बहिणी आणि एक खोली अशा घरातली ती मधली. एकोणीस वर्षांची होईपर्यंत स्वतःची अशी गादी तिने बघितली नव्हती. भरती कार्यालयाच्या दारावर एक फोटो होता : जहाजातला झोपायचा कट्टा, पांढरी चादर आणि उशाशी एकट्याने वाचायला छोटासा दिवा. ताई त्या दिव्यासाठी गेली. प्रत्यक्षात कट्टा इतका अरुंद निघाला की कूस बदलायची तर उठून बसावं लागे, आणि दिवा बिघडलेला. तो तिने पहिल्याच आठवड्यात स्वतः दुरुस्त केला, आणि तिथेच कोणाच्या तरी लक्षात आलं की या मुलीच्या हातात अक्कल आहे.

येण्याचं कारण सगळे हसत सांगतात. राहण्याचं विचारलं की भले भले गप्प होतात. एकदा मुख्य कचेरीने छापील कागद पाठवला होता : आपण सेवेत का राहिलात, खालीलपैकी योग्य त्यावर खूण करा. शॉकने सगळ्यांवर खुणा केल्या, स्वयंपाक्याने एकावरही नाही. ताईने तो कागद चार वेळा वाचला आणि मागच्या कोऱ्या बाजूला फिल्टर बदलायच्या तारखा लिहिल्या. तोवर चार वेळा मुदत वाढवण्याच्या कागदावर तिने सही केली होती, आणि दर वेळी कोणी विचारलं तर एकच उत्तर : "फळा कोण सांभाळणार?" हे काही कारण नव्हे, हे तिलाही कळत होतं.

पाचव्या वेळी मात्र सही करायची नाही असं ठरलं. वय एक्केचाळीस. मुलगी दुसऱ्या गावी कॉलेजात. घरी नवरा, म्हणजे शाळेत गणित शिकवणारे शांत मास्तर, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या सासूबाई. गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मेकॅनिकची जागा निघाली, घरापासून चालत आठ मिनिटांवर. ताई जाऊन बघून आली. तिथला मुकादम भला माणूस होता, त्याने चहा पाजला. हत्यारांच्या मांडणीत दोन-तीन जागा रिकाम्या होत्या. ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हे पाने कुठे आहेत?" मुकादम हसून म्हणाला, "असतील इथेच कुठेतरी. नाहीच सापडले तर नवे आणू की!" यात वाईट काहीच नव्हतं. ताईने एक तारखेपासून येते म्हणून सांगितलं, आणि सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत ती बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली.

तिची मुदत संपायला अजून दीड महिना होता, पण जहाज त्याआधीच तीन महिन्यांसाठी निघणार होतं. दूर समुद्रात मालवाहू बोटींची राखण करणारं दुसरं जहाज पाच महिने तिथे होतं, त्याच्या जागी यांना जायचं होतं. म्हणून ठरलं असं की निघायच्या दिवशी सकाळी गिअरबॉक्सची शेवटची तपासणी ताईने करायची, आणि मग पिशवी उचलून धक्क्यावर उतरायचं. बंदराच्या तोंडाशी वाळू साचलेली असल्याने मोठं जहाज भरतीच्या पाण्यावरच बाहेर पडू शके, आणि तेही उजेडात. त्या दिवशी भरती दुपारी बाराला होती.

सकाळी साडेआठला झाकण बंद झालं. बोल्ट आवळले, निघायच्या घाईत फळा न बघताच वर शिक्कामोर्तब झालं. सगळे वर चहाला गेले. ताई मुद्दाम मागे राहिली, कारण बावीस वर्षांचा निरोप माणसांसमोर घ्यायचा म्हणजे डोळ्यांची पंचाईत. फळ्यासमोर उभी राहून तिने शेवटची नजर फिरवली, आणि ती एका खिळ्यावर अडली.

फळ्यावर एक बिल्ला लटकत होता. बिल्ला तिचा होता.

तेरा नंबरची गोटी जागेवर नव्हती. पान्याच्या दांड्याला लावायची, बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी ही छोटीशी लोखंडी नळी; मेकॅनिक लोक तिला गोटी म्हणतात. ताईने ट्रे बघितले, फडकी झटकली, लोखंडी जमिनीवर पालथी पडून फटींमध्ये टॉर्च मारला. गोटी नव्हती. सकाळी झाकणाजवळच्या तेलाच्या नळीचा पट्टा आवळायला तिने दोन गोट्या घेतल्या होत्या एवढं आठवत होतं, आणि तेव्हा झाकण उघडं होतं, हेही आठवत होतं.

आता खरं ते सांगायला हवं, कारण ताईने स्वतः ते कधी लपवलं नाही. तिच्या स्वतःच्या कपाटात स्वतःची हत्यारं होती, आणि त्यांत तेराची गोटी होती. ताईने कपाट उघडलं. गोटी हातात घेतली. फळ्यावरच्या आकृतीवर ती अशी बसली की कोणाच्या बापाला फरक कळला नसता. दोन पावलं आणि दोन मिनिटं. बिल्ला खिशात घालायचा, पिशवी उचलायची, वर जाऊन चहा घ्यायचा. बावीस वर्षांत एकही ठपका नाही. तो आज, शेवटच्या तासाला, कशाला लावून घ्यायचा? आणि गोटी आतच पडली असेल असं तरी कुठे होतं? शंभरात एखादी शक्यता.

पण ती एक शक्यता खरी ठरली तर ताई पंपघरात असणार होती, आणि शॉक त्या झाकणाशेजारी. ताईने आपली गोटी परत कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि मुख्य इंजिनिअर साहेबांना फोन केला.

"साहेब, तेराची गोटी सापडत नाहीये. मीच घेतली होती. झाकण उघडावं लागेल."

दुपारची भरती, वाट बघणारं ते दुसरं जहाज, धक्क्यावर निरोपाला आलेली बायकामुलं, हे सगळं साहेबांनाही ठाऊक होतं.

"आत पडलीय याची खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"खात्री नाहीये, साहेब. तेच सांगतेय."

"बरं," साहेब म्हणाले. "उघडा."

बस्स, एवढंच. पाच मिनिटांत सगळे अर्धा चहा टाकून खाली आले. शॉकने फळ्याकडे बघितलं.

"ताई, तुमचा बिल्ला?"

"माझाच."

"बरं, मी लोहचुंबक आणतो," तो म्हणाला आणि वळला. ज्या बाईने वर्षभरापूर्वी याच फळ्यावरून त्याची सर्वांदेखत बिनपाण्याने केली होती, तिला टोमणा मारायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्याने ती सोडून दिली. ताईला हे लागलं, कारण टोमणा सोसायची तिची तयारी होती. या चांगुलपणाची नव्हती.

शिक्का तोडला. पाचशे लिटर तेल बाहेर काढून कापडातून गाळलं. चाकं हाताने फिरवत एकेक दात आरशात बघितला, तारेला बांधलेलं चुंबक प्रत्येक कोपऱ्यात फिरवलं. बारा वाजले. भरती आली आणि जहाजाला न घेता गेली. आता निघणं दुसऱ्या दिवशी, दुपारी एकला. चार वाजेपर्यंत तीन वेळा शोधून झालं. गिअरबॉक्स आतून चकाचक होता आणि गोटी नव्हती.

"फळा पहिल्यापासून मोजा," साहेब म्हणाले. "नुसतं बघू नका. एकेक हत्यार हातात घ्या."

ताईने सुरुवात केली. सात, आठ, दहा, बारा. चौदा, सतरा. एकोणीसची गोटी तिने तळहातावर घेतली आणि तिचा हात थबकला. वजन जास्त लागत होतं. तिने गोटी उलटी करून तळहातावर आपटली. आतून ग्रीसमध्ये माखलेली तेराची गोटी टपकन बाहेर आली. सकाळी घाईत छोटी मोठीच्या पोटात घट्ट जाऊन बसली होती. ताईने दोन्ही एकाच खिळ्यावर ठेवल्या होत्या आणि बिल्ला एकच परत घेतला होता. दिवसभर गोटी फळ्यावरच होती, सगळ्यांच्या नाकासमोर.

ताईला वाटलं, खालचं लोखंड फाटावं आणि आपण पोटात जावं. मग शॉकला हसू फुटलं. दाबायला गेला तर जास्तच फुटलं. मग साहेब हसले, मग सगळेच, तेलाने काळे झालेले अकरा जण पोट धरून. ताईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

तेवढ्यात कप्तान खाली आले. कप्तान इंजिनखोलीत सहसा येत नसत. आले की काहीतरी बिनसलेलं असायचं. सगळे ताठ उभे राहिले. ताईने दोन्ही गोट्या पुढे केल्या आणि काय झालं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

"समजा सापडली नसती तर?" कप्तानांनी विचारलं.

"तर अजून झाकण लावलं नसतं, साहेब."

"उद्याची भरतीही गेली असती."

"हो, साहेब."

कप्तानांनी मान हलवली. "समुद्रातल्या जहाजाला आपण एक दिवस उशिरा येतोय म्हणून कळवलं. कारणही कळवलं. त्यांचं उत्तर आलंय, तुमच्यासाठी आहे." त्यांनी खिशातला कागद तिच्या हातात दिला. पाच महिने घर न बघितलेल्या माणसांनी लिहिलं होतं : गोटीला आमचा नमस्कार. आम्ही थांबतो. चांगलं बघून या.

ताईने तो कागद दोनदा वाचला. चिडायचा पूर्ण हक्क असलेली ही माणसं. त्यांतल्या एकाचंही तोंड तिने बघितलं नव्हतं.

संध्याकाळी ती पिशवी न घेताच घरी आली. सासूबाई पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"पिशवी कुठाय गं?"

"जहाजावरच आहे, आई. जहाज गेलं नाही."

"का?"

"मी थांबवलं."

मास्तर तपासत असलेल्या वह्यांमधून वर बघायला लागले. ताईने सगळं सांगितलं. कपाट उघडलं होतं तेही. सासूबाईंनी मध्ये एकदाच तोंड घातलं. "सगळ्यांसमोर कबूल केलंस? घरात तर तुझं कधी काही चुकतच नाही!" पण पुढे त्यांनी गुडघे चोळणं थांबवलं आणि कान देऊन ऐकलं.

"तू सांगितलं नसतंस तर कोणाला कळलं असतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि तू सांगितल्यावर त्यांनी एवढं मोठं जहाज थांबवलं? वाद न घालता?"

"वाद न घालता."

सासूबाईंनी तेलाची बाटली बाजूला ठेवली. "मी अठ्ठावीस वर्षं कापडाच्या कारखान्यात होते. आमच्या मशीनचा पट्टा सैल झाला होता. मी तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले बघू, दुसऱ्यांदा म्हणाले तुला काय कळतं, तिसऱ्यांदा म्हणाले काम करायचं तर कर. चौथ्या दिवशी शेजारणीची दोन बोटं गेली." मीठ मोजून टाकावं तसे त्यांनी शब्द मोजून टाकले. "अख्ख्या जन्मात माझ्या सांगण्यावरून कोणी साधी बस थांबवली नाही. आणि तू ती जागा सोडून इथे माझे गुडघे चोळायला येणार?"

"आई, पण तुमचं..."

"माझे गुडघे आहेत तिथे राहतील, कुठे हरवत नाहीत. याला चोळता येतात," त्यांनी मास्तरांकडे हनुवटी केली. "येतात ना रे?"

"शिकेन," मास्तर म्हणाले. मग ताईकडे बघून हळूच म्हणाले, "पंपघरात मी सांगतो. तुला कोणाला नाही म्हणताना त्रास होतो."

बावीस वर्षं तिला ज्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नव्हतं, ते या म्हातारीने गुडघे चोळता चोळता देऊन टाकलं होतं. पगार, मान, पांढरा गणवेश हे सगळं होतंच. पण ती राहत होती ती एवढ्याचसाठी, की तिथे तिच्या "थांबा" या शब्दाला किंमत होती, आणि तिथल्या प्रत्येकाच्या "थांबा"ला ती स्वतः थांबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने राहते म्हणून सांगितलं, तसे साहेबांनी खणातून तिचे सेवा सोडण्याचे कागद काढले. "हे मी पुढे पाठवलेच नव्हते. आळशी माणूस आहे मी," ते म्हणाले, आणि कागद टराटरा फाडले. मुदत वाढवणाऱ्याला तिथे एक मान असतो : सही कुठे करायची ते तो ठरवतो, आणि साक्षीदारही तोच निवडतो. लोक डेकवर झेंड्याखाली सही करतात, फोटो चांगला येतो म्हणून. ताई म्हणाली, इंजिनखोलीत. आणि साक्षीदार म्हणून तिने जे नाव सांगितलं ते ऐकून साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चार उभे जिने आहेत, ताई. त्यांचे गुडघे..."

"मी तेच म्हटलं, साहेब. मलाच ओरडल्या."

सासूबाई उतरल्या. पाठमोऱ्या, दोन्ही हातांनी कठडे धरून, प्रत्येक पायरीला कण्हत आणि प्रत्येक कण्हण्यानंतर "मला धरू नका" असं बजावत. खाली शॉक दोन्ही हात पसरून उभा, वरून मास्तर जीव मुठीत धरून बघत होते. चौथा जिना संपला तेव्हा अकराही जणांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी घाम पुसला, इंजिनं बघितली, फळा बघितला, दिवसभर सगळ्यांना नाचवणारी ती गोटी मागून घेऊन हातात धरून बघितली.

"एवढीशीच?" त्या म्हणाल्या.

ताईने सही केली. मग साहेबांनी कागद सासूबाईंपुढे सरकवला आणि साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि एकदाही न थांबता, शाळेतल्या मुलीसारख्या ठळक अक्षरात आपलं नाव लिहिलं. पुढे नात्याच्या रकान्यात 'सासू' लिहून खाली एक रेघ ओढली.

"आता याच्यावर माझं नाव आहे," पेन परत देत त्या सुनेला म्हणाल्या. "जरा जरी शंका आली ना, तर जहाज थांबवायचं. कोणी विचारलं तर सांग, सासूने सांगितलंय."